बोडीखालची मायची

सकाळचा चहा घशाखाली उतरायच्या आधी मातामायला पाणी, हा वच्छलाबाईचा नेम. लग्न होऊन या गावात आली, त्याच्या दुसऱ्याच सकाळी सासूने तिच्या हातात तांब्याचा लोटा दिला. "चाल, तुले मायची ओळख करून देतो," म्हणाली. तेव्हापासून तो लोटा चुकला नाही. बाळंतपणात आणि सुतकात तेवढा दुसऱ्याच्या हाती गेला, पण गेला.

गावाची घरं संपून धानाची शेतं सुरू होतात तिथे एक जुना निंब आहे. त्या निंबाखाली मातामाय बसते. मूर्ती नाही, शेंदूर लावलेले काही गोटे, पुढे एक दिवा ठेवायची खोबण, आणि वर नुसतं आभाळ. वच्छलाबाई तिथे पाणी घालायची, पदराच्या गाठीतले मूठभर तांदूळ ठेवायची, ओठांतल्या ओठांत घरातल्या एकेकाचं नाव घ्यायची आणि आली तशी परत फिरायची. मागणं फारसं नसायचं. नावं घेतली की झालं, पुढचं तिला कळते, असा तिचा हिशेब.

तिचा नवरा नथ्थू ओट्यावर बसून तिची वाट पाहायचा, कारण ती आल्याशिवाय चुलीवर चहा चढत नसे. लांबूनच विचारायचा, "झाला काय वो बुढीचा चहा?"

"बुढी म्हणू नका देवीले. जीभ झडन."

"माझ्या आजीहून जुनी आहे थे. आजीले बुढी म्हणत होतो, मंग हिले काय पोट्टी म्हणू?"

असा चेष्टेखोर माणूस, पण निंबाजवळून जाताना पायातली चप्पल काढून हात जोडल्याशिवाय त्याचं पाऊल पुढे पडत नसे. वच्छलाबाईने ते पाहून ठेवलं होतं, म्हणून ती बुढीवरून फार भांडत नसे.

मागच्या हंगामात धान कापून झालं, शेतात पुंजने रचून झाले, आणि एका सकाळी नथ्थूने दोन्ही मुलांना शेतावर बोलावलं. थोरला खुशाल गावातच शेती करायचा आणि ग्रामपंचायतीचा मेंबर होता. धाकटा निकेश माजरीला कोळशाच्या खाणीवर गाडी चालवायचा, तो सुटीवर आलेला होता. शेजारच्या शेताचे वामनराव, जुने पोलीस पाटील, यांना नथ्थूने साक्षीला घेतलं. लोक वाटणी बसून करतात. नथ्थूने ती चालत केली, शेताच्या बांधांवरून, धुऱ्याधुऱ्याने.

त्याचं शेत म्हणजे वरच्या अंगाला एक बोडी, आज्याने खोदलेलं लहानसं तळं, आणि तिच्याखाली उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली खाचरं. बोडीचं पाणी सोडलं की ते आधी तिच्या पायथ्याच्या एका बांधीत उतरतं. त्या बांधीच्या धुऱ्याला दोन तोंडं. उजवं उघडलं तर पाणी उजवीकडच्या बांध्यांत जातं, डावं उघडलं तर डावीकडच्या. ही पायथ्याची बांधी मातामायच्या निंबाला अगदी लागून.

"उजवीकडच्या साऱ्या खुशालच्या," नथ्थू काठीने दाखवत म्हणाला. "डावीकडच्या निकेशच्या. धुऱ्यावरचे मोह करिष्माचे. झाडं तिची, सावली ज्याच्या बांधीत पडन त्याची. घर अर्धं अर्धं. अन् बोडीखालची मायची."

एवढं बोलून त्याने निंबाकडे तोंड करून हात जोडले आणि घराची वाट धरली. कोणी काही विचारलं नाही. ज्याला जे ऐकायचं होतं ते त्याने ऐकलं होतं.

वच्छलाबाई तेव्हा घरी चुलीपुढे होती. जेवताना नथ्थू तिला म्हणाला, "वाटून टाकलं वो. मोकळा झालो."

"कोणाले काय देल्लं?"

"कळन तुले. थोडी अंबाडी वाढ."

माघात, अंगणातल्या उन्हात बसल्या बसल्या, खाटेच्या पाटीला मान टेकवून नथ्थू गेला. आजारी नव्हता, काही नव्हता. अंबाडीची भाजी वाढतानाचं ते 'कळन तुले' वच्छलाबाईच्या कानात तसंच राहून गेलं.

त्यानंतर घर चालतच राहिलं. धान साठवायच्या ढोलीच्या खोलीची किल्ली वच्छलाबाईच्या कमरेवरून थोरल्या सुनेच्या, दीपिकाच्या कमरेला गेली. कोणी हिसकली नाही. सुतकात कामं कोणीतरी करायची म्हणून गेली आणि परत यायची राहिली. आता रोज संध्याकाळी वच्छलाबाईला म्हणावं लागायचं, "दीपिका, मायसाठी मूठभर तांदूळ काढून ठेव वो."

दीपिकाने कधी नाही म्हटलं नाही. पण एकदा तिने तांदळाऐवजी कणी, तुटका तांदूळ, दिली. "आई, देवाले काय हो, कणी अन् तांदूळ सारखाच."

वच्छलाबाईने ती कणी नेली, ठेवली, नावं घेतली. देवाला सारखंच, हे खरं होतं. पण नेणाऱ्या हाताला ते सारखं नव्हतं. आपल्या घरातल्या धानाची मूठ आपल्याला मागावी लागते, आणि मागितल्यावर जी मिळेल ती घ्यावी लागते, एवढं त्या सकाळी तिच्या ध्यानात आलं. तिने कोणाला काही सांगितलं नाही. फक्त त्या दिवशी निंबाखाली जरा जास्त वेळ बसली.

अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नथ्थूच्या नावाने पहिली घागर भरायची होती. माजरीहून निकेश बायकोला, प्रियाला घेऊन आला. वडशाहून लेक करिष्मा आली. नवी घागर पाण्याने भरली, तिच्यावर आंबा ठेवला, पानं वाढली, सांजोऱ्या झाल्या, आमरस झाला. जेवणं उरकल्यावर दोघे भाऊ ओट्यावर सुपारी कातरत बसले.

"उद्या वामनभाऊले बोलावतो," खुशाल म्हणाला. "सातबाऱ्यावर नावं चढवून टाकू. तुझं तुले, माझं मले. बोडीखालची देवस्थानच्या नावानं करू."

"देवस्थान कुठून आलं मधात?"

"बाबानंच सांगतलं ना. 'बोडीखालची मायची.' तू होता नं तिथी?"

"होतो नं! मायची म्हणजे आपल्या मायची!"

"निंबाकडं हात जोडून बोलले बाबा. गावात मायची म्हणजे कोणाची गा? मायचा बोकड म्हणते, तवा काय आपल्या मायचा बोकड असते?"

आतून करिष्माचं हसू ऐकू आलं. खुशालला चेव चढला. "तिथी हॉल बांधू. फंड आणतो मी. बाबाचं नाव कोरून पाटी लावू. लग्नं होतीन, भजनं होतीन. साऱ्या गावात असं काम नाई झालं."

"अन् तुझं नाव नाई राहीन काय पाटीवर?" निकेश म्हणाला.

"राहीन थोडंसं. खालच्या बाजूनं."

"हे पाह्य दादा, मायची म्हणजे आपल्याच मायची. अन् माय म्हणशीन, तर मी तिले माजरीले नेऊन राह्यलो. घरात नळ आहे, कूलर आहे, तिले आराम पडन. मंग ज्याच्याकडं माय, त्याच्याकडं बांधी. सरळ गोष्ट आहे. मी ठेक्यानं देऊन टाकीन."

वच्छलाबाई आत चुलीपुढे कुरड्या तळत होती. 'आपल्याच मायची' हे ऐकून तिचा झारा क्षणभर थांबला होता. पुढचं ऐकून तो पुन्हा चालू लागला. एकाने तिला देवीच्या मागे झाकून टाकलं होतं, दुसऱ्याने बांधीसोबत गाठोड्यात बांधलं होतं. ती स्वतः दहा हातांवर बसलेली होती, पण तिच्याकडे मान वळवून विचारावं असं दोघांनाही सुचलं नव्हतं.

"माय, तू काऊन नाई बोलत?" करिष्मा दबक्या आवाजात म्हणाली. "जाऊ काय मी बाहेर? दोघायले सरळ करतो."

"आज तुझ्या बाबाचा दिवस आहे. भांडणाचा घास त्यायच्या पानाले नको." वच्छलाबाईने कुरडई निथळून काढली. "उद्या बोलीन मी. माझं मीच बोलीन."

सकाळी ती नेहमीसारखी लोटा घेऊन निघाली. मुलांची तिला भीती नव्हती. दोघांना तिने आपल्या हाताने भरवलं होतं, कोणाच्या डोक्यात काय शिजतं ते तिला वासावरून कळायचं. भीती होती ती वेगळीच. नथ्थूने ती बांधी खरंच देवीला दिली असली तर? तिने 'माझी' म्हणून तोंड उघडलं आणि ती देवीची निघाली, तर उद्या लोटा घेऊन कोणत्या तोंडाने यायचं?

तिने पाणी घातलं, तांदूळ ठेवले, नावं घेतली. आज शेवटी नथ्थूचंही नाव घेतलं. "काय म्हणून गेले होते हे, तुले तरी ठाऊक असन," ती हळूच म्हणाली.

मातामाय काही बोलली नाही. बोलला तो लटारू, निंबाची पानं झाडत असलेला पुजारी.

"बाई, आज बैठक ना तुमच्या घरी? खुशाल म्हणते, इथी हॉल होईन. पंखा लागन म्हणते वरतून."

"मायले गरमी होते काय लटारूभाऊ?"

"मायले नाई होत वो. मले होते."

वच्छलाबाईला हसू आलं. "तुमच्या बापानं एक डाव छप्पर टाकलं होतं ना इथी?"

"टाकलं होतं ना. टिनाचं. वावधन आलं अन् टिन गेलं थेट तुमच्या बोडीत. मंग कवेलू टाकले. माकडायनं एक नाई ठेवला. मंग बाप म्हणे, जाऊ द्या, तिले नाई पाहिजे. उघड्यावरची आहे थे."

"मंग आता काऊन पाहिजे झालं?"

लटारूने खराटा थांबवला. डोकं खाजवलं. "हे तर मी विचारलंच नाई. पंख्याचंच ध्यान होतं मले."

वच्छलाबाई घराकडे वळली तेव्हा तिच्या पावलांत थोडा नेट आला होता. अर्धं उत्तर मिळालं होतं. अर्धं अजून राहिलं होतं.

बैठक अंगणातच झाली, मांडवाच्या सावलीत. वामनराव खुर्चीवर, दोघे भाऊ सतरंजीवर, लटारू मांडवाच्या खांबाला टेकून. वच्छलाबाई उंबऱ्याजवळ बसली आणि करिष्मा तिच्या मागे, जणू आईला कोणी ढकललं तर झेलायला.

वामनरावांनी जे ऐकलं होतं ते जसंच्या तसं सांगितलं. "उजवीकडचं खुशालचं, डावीकडचं निकेशचं, मोह करिष्माचे, अन् बोडीखालची मायची. एवढेच शब्द बोलला नथ्थू. माझ्या पदरचा एक नाई. आता मायची म्हणजे कोणाची, हे मी त्याले नाई विचारलं. तेवढी चूक माझी."

"चूक कायची?" खुशाल म्हणाला. "दिवसासारखं स्वच्छ आहे. अन् भाऊ, माझी माय इतकी भक्तीची बाई. देवीले भेटून राह्यलं म्हणल्यावर तिले तर आनंदच होईन. काऊन माय?"

साऱ्यांनी वच्छलाबाईकडे पाहिलं. इथे मान डोलवणं फार सोपं होतं. आयुष्यभर जिने रोज लोटा वाहिला, तिने एक बांधी वाहायला काय हरकत, असंच प्रत्येकाच्या तोंडावर होतं.

"लटारूभाऊ," वच्छलाबाईने विचारलं, तिचा आवाज नेहमीसारखाच हलका, "मायनं आजपावतो छप्पर किती डाव घेतलं?"

"घेतलं कुठी बाई? दोन डाव देल्लं, दोन्ही डाव फेकलं."

"जिनं डोक्यावर सावली नाई ठेवली, थे बांधी ठेवीन काय? मी रोज जातो तिच्याकडं. पाण्याचा लोटा अन् तांदळाची मूठ, याच्या पलीकडं तिनं मले कधी काई मागितलं नाई. तुले मागितलं काय खुशाल?"

करिष्मा मागून म्हणाली, "त्याले कुठून मागन? तिले कधी दिसलाच नाई थो निंबाखाली, बोकडाच्या दिवसाशिवाय."

"तू गप वो वडसेवाली!" खुशाल तापला, पण लगेच आवाज खाली आणला, कारण तो मनाचा वाईट नव्हता आणि त्याच्याकडे एक मुद्दा होता. "माय, छपराचं मानलं मी. हॉल नाई बांधत, जा. पण बाबानं देल्लं ना तिले? तिनं मागितलं नसन, पण बाबानं देल्लं. बाबाचा शब्द मोडाचा काय आपण? तू मोडशीन काय?"

हा मुद्दा बरोबर वच्छलाबाईच्या रात्रभराच्या भीतीवर येऊन बसला होता. नवऱ्याचा शब्द आणि देवीचं देणं, दोन्ही एकाच ताटात. तिने पदराची गाठ चाचपली. सकाळीच सुटलेली ती गाठ रिकामी होती.

तेवढ्यात प्रिया ट्रे घेऊन आली. "आई, चहा घ्या. सकाळपासून तुम्ही चहा नाई घेतला. देवीचं पाणी झालं ना तुमचं?"

वच्छलाबाईने कप हातात घेतला आणि तो तसाच हातात राहिला. ओट्याकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. तरी तिला आवाज स्पष्ट आला. आणि मग ती हसली, इतक्या उघड हसली की वामनरावांनी चष्मा काढून पुसला.

"खुशाल, मी लोटा ठेवून घरी आलो म्हणजे तुझे बाबा काय म्हणत?"

"काय म्हणत? रोजचंच. 'झाला काय बुढीचा चहा.'"

"तू लहान असताना निंबाजवळून जाये, तवा तुले काय सांगत?"

खुशालच्या आधी निकेश मांडी थोपटून ओरडला, "'बुढीच्या पाया पड रे!' मले बी तसंच सांगत. शाळेत परीक्षा राहे तवा म्हणत, बुढीले सांगून ये, नाई तर पास नाई होशीन!"

"अरे बावा," लटारू खांबावरून सरळ झाला. "खरंच तर आहे. नथ्थूभाऊनं मातामायले जिंदगीत माय नाई म्हणलं. माझा बाप रागावे त्याच्यावर. म्हणे, नथ्थू, एक डाव तरी माय म्हण. तं म्हणे, माय माझ्या पोरायची घरी आहे, एक पुरे."

हसण्याचा असा लोट उठला की सावलीतलं वासरू दचकून उठलं. वामनराव चष्मा डोळ्यांवर चढवत म्हणाले, "मंग तर झालंच. पोरायसमोर नथ्थू 'माय' म्हणे थो एकाच बाईले. 'मायले सांग, पाणी तापव.' 'मायले विचार, मीठ आहे काय.' मी शेजारी आहो, हजार डाव ऐकलं. खुशाल, देवीचा मार्ग बंद झाला बावा. बोडीखालची तुमच्या मायची."

खुशाल काही वेळ सुपारीच्या डबीशी खेळत राहिला. मग म्हणाला, "बुढीच म्हणत होते खरं," आणि त्यालाही हसू फुटलं. त्या हसण्यात बाप आठवल्याचा ओलावा होता, तो वच्छलाबाईला दिसला, आणि तिने त्याचा चहाचा कप त्याच्याकडे सरकवला.

निकेशने मात्र संधी सोडली नाही. "हेच तर मी कालपासून सांगून राह्यलो! मायची ना? मंग माय माझ्यासंग येऊन राह्यली. भाऊ, लिहा. माय निकेशकडं, बांधी निकेशकडं."

"निकेश," वच्छलाबाई म्हणाली, "बाजारात म्हैस घेतली म्हणजे दोर फुकट देतेत ना गा?"

"हो. काऊन?"

"मंग मी म्हैस आहो का दोर, तेवढं सांग."

निकेशचं तोंड पाहून करिष्माने पदर तोंडात कोंबला.

"माय, तसं नाई वो. तुले आराम..."

"तुझा जीव आहे माझ्यावर, मले ठाऊक आहे. तुझ्याकडं येईन मी, पाहुणी म्हणून येईन, तुझ्या कूलरपुढं बसीन. पण मी बांधीसंग नाई जात, अन् बांधी माझ्यासंग नाई जात. थे जिथी आहे तिथीच राहीन, अन् मी बी." तिने कप खाली ठेवला. "अन् तुमच्या बाबानं हेच बांधी मले काऊन देल्ली, थे कोणं पाह्यलं काय? धुऱ्यावर तर तुम्ही तिघंही होते."

तिने बोडीच्या दिशेने बोट केलं.

"बोडीचं पाणी पहिले कुठी उतरते?"

"बोडीखालच्या बांधीत," दोघे एकदम म्हणाले.

"मंग?"

"मंग उजवं तोंड उघडलं तर माझ्याकडं," खुशाल म्हणाला, "अन् डावं उघडलं तर..." आणि थांबला.

"थे बांधी तुझ्या हाती असती, तर सारं पाणी कोणाच्या बांधीत गेलं असतं? अन् याच्या हाती राहिली, ठेकेदाराले देल्ली, तर तू भर हंगामात कोणाच्या पाया पडशीन? अन् हॉल बांधला असता, तर पाणी काय स्टेजवरून सोडलं असतं?" वच्छलाबाईचा आवाज चढला नव्हता. तो तसाच होता, रोज नावं घेणारा. "लहानपणी दोघायचे ताट शेजारी राहात. याच्या ताटात वरण जास्त, त्याच्या ताटात कमी, रोजची कटकट. तुमचे बाबा ओट्यावरून ओरडत, 'मायच्या हातून वाढू द्या, आपापले हात घालू नका.' आता पाणी बी मायच्या हातून वाढलं जाईन. दोन्ही तोंडं मी उघडीन, मी बंद करीन. भांडाचं असन तर माझ्यासंग भांडा."

वामनरावांनी बोडीच्या दिशेने पाहिलं, जणू तिथे नथ्थू काठी टेकून उभा होता. "मी धुऱ्यावर उभा होतो," ते म्हणाले, "अन् मले नाई दिसलं."

यानंतर जे ठरलं ते वच्छलाबाईने ठरवलं. घरामागच्या वाडीकडची खोली तिची, तिथे तिची वेगळी चूल. तिच्या बांधीतला चिखल आधी खुशालच्या ट्रॅक्टरने व्हायचा, मग त्याच्या स्वतःच्या बांधीतला. तिच्या गाईला तनीस, धानाचा पेंढा, खुशालच्या पुंजन्यातून. विहिरीवर दोघांच्या दारांतून जायची वाट उघडी राहायची, त्या वाटेवर ना मोटरसायकल उभी करायची ना खाट टाकायची. करिष्मा मोह वेचायला येईल तेव्हा आईच्याच चुलीवर जेवेल, आणि कोणाच्या बांधीत पाय पडला म्हणून कोणी तोंड वाकडं करायचं नाही.

"अन् मी?" निकेश म्हणाला. "मले काईच नाई सांगतलं."

"तू महाशिवरात्रीले मले मार्कंड्याले नेशीन. गाडीवर, मागं बसवून. दर वर्षी. हळू चालवशीन."

"एवढंच?"

"हळू चालवणं तुले एवढंच वाटते काय?" करिष्मा म्हणाली, आणि प्रिया आपल्या नवऱ्याकडे पाहून इतकी मनापासून हसली की तिच्या हातातला ट्रे वाजला.

बैठक मोडली, लोक उठले. दीपिका तेवढी भिंतीशी उभी राहिली होती. सारे गेल्यावर ती जवळ आली आणि कमरेची किल्ली काढू लागली.

"ठेव थे तुझ्याजवळ," वच्छलाबाईने तिचा हात दाबला. "थे ढोली आता तुझ्या घरची. माझी ढोली मी वेगळी विणून घेईन. लहानशी पुरे."

"आई, त्या दिवशीची कणी..." दीपिका अडखळली.

"देवीनं घेतली वो. घेतली तिनं. मले नवीन ढोलीची आठवण करून देल्ली, म्हणून घेतली."

पावसाळा आला, रोवणा, म्हणजे धानाची लावणी, झाला. बोडीखालच्या बांधीत वच्छलाबाईने स्वतः पऱ्हे लावले, करिष्मा आणि दोन्ही सुना मदतीला होत्या, आणि दीपिकाचा हात साऱ्यांत चपळ निघाला. मधात पावसाने दडी मारली तेव्हा दोघे भाऊ एकाच सकाळी धुऱ्यावर येऊन उभे राहिले, एक उजवीकडे, एक डावीकडे. निकेश खास माजरीहून आला होता. वच्छलाबाई डोक्यावर पदर घेऊन मधात उभी. तिने आधी आपली बांधी भरू दिली, मग दोन्ही तोंडं एकदम उघडली, सारखी. पाणी दोन्हीकडे पळालं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही, पाण्याकडे पाहिलं, आणि मग निकेश म्हणाला, "दादा, चाल, चहा पाज."

दिवाळीनंतर धान निघालं. वच्छलाबाईची ढोली खरंच लहान होती, पण तोंडापर्यंत भरली. पहिला तांदूळ तिने घरीच सडला, उखळात, थोडासाच. पाखडला, कणी वेगळी काढून गाईला घातली.

दुसऱ्या सकाळी तिने ढोलीचं तोंड उघडलं आणि मूठ भरली. कोणाला हाक मारावी लागली नाही. मान सवयीने दाराकडे वळली होती, ती अर्ध्यात थांबली, आणि तिचं तिलाच हसू आलं.

निंबाखाली लटारू खराटा मारत होता. मातामायच्या भोवती खुशालने स्वतःच्या खर्चाने दगडाचा गोल पार बांधून दिला होता. वर छप्पर नव्हतं, खाली पाटी नव्हती. बसायला तेवढी जागा झाली होती.

"पंखा राह्यलाच लटारूभाऊ तुमचा."

"निंबाचा आहे ना बाई. याले लाईट बी नाई लागत."

वच्छलाबाईने पाणी घातलं. पदराची गाठ सोडली. नवा, पांढरा, अखंड तांदूळ गोट्यांपुढे ठेवला. नावं घेतली, एकेक, नेहमीच्याच क्रमाने. आणि शेवटी, इतक्या वर्षांत जी जीभ कधी तशी वळली नव्हती ती वळली.

"घे वो बुढे," ती म्हणाली. "माझ्या घरचे आहेत."

मग तिने पदर सावरला आणि चहा ठेवायला घरी निघाली.